आखूड चेंडू

काशीस बदली झाली की माणूस विश्वनाथाचे दर्शन घेतो, नावेतून घाट पाहतो आणि मग देशाकडून येणाऱ्या पाहुण्यांना तेच दाखवीत बसतो. आम्ही यात टेनिसची भर घातली. सायंकाळी वसाहतीतल्या सिमेंटच्या मैदानावर एका निवृत्त वकीलसाहेबांशी आमचा डाव रंगे. त्यांचे घराणे दुर्गाघाटावरचे, कित्येक पिढ्यांचे काशीकर.

आमचा सारा खेळ बेसलाइनवरचा. ही रेघ जाळ्यापासून ३९ फुटांवर असते आणि तेवढे अंतर सरकारी प्रकृतीस मानवते. आलेला कागद जसा शेरा मारून परतवावा, तसा आम्ही चेंडू परतवीत असू. वकीलसाहेबांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखले. ते चेंडू खुशाल आखूड टाकीत, जाळ्यापासून २१ फुटांवरच्या सर्व्हिसच्या रेघेच्याही आत. चेंडू टप्पा घेई, क्षणभर हवेत ताटकळे आणि खाली बसे. आम्ही तिथवर पोचू तोवर त्याला खालून उचलून देण्यावाचून गत्यंतर नसे.

"अहो, पुढे या ना! चेंडू काय तिथे येऊन तुमच्या पाया पडणार आहे?"

पुढे जाण्याचे शास्त्र आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. चेंडू उसळीच्या माथ्यावर असतानाच गाठावा. तो बाजूच्या रेघेलगत सरळ आणि खोल मारावा, कारण तिरपा मारला तर मोकळी राहिलेली बाजू झाकण्यास फार धावावे लागते. प्रतिस्पर्धी रॅकेट फिरवील त्या क्षणी मात्र दोन्ही पायांवर थबकावे. पुष्कळांची फसगत इथेच होते. यास दांडगी ताकद लागते असेही नाही. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले, ते हलक्या हाताने नेमक्या जागी ठेवलेल्या चेंडूंच्या जोरावर. आमचे अडे ते निघण्यापाशी.

खेळ संपला की वकीलसाहेब म्हणत, "एकदा घरी या." आम्ही म्हणत असू, "येऊ की, सवडीने." अशी तीन वर्षे गेली. मग एका पौषात ते मैदानावर येईनासे झाले. हृदयविकाराचा झटका आल्याचे कळले, तरीही आम्ही आठ दिवस घालविले. आजारी माणसाला त्रास नको, ही सबब तर हाताशी होतीच.

नवव्या दिवशी चौखंब्याच्या गल्ल्यांतून विचारीत विचारीत गेलो. दगडी जिना, वर अंधारी खोली, खिडकीत गंगेचा एक तुकडा. वकीलसाहेब इतके वाळले होते की प्रथम ओळखू आले नाहीत. त्यांनी मात्र आम्हांस पाहताच सुनेला चहा टाकण्यास सांगितले. आम्ही दाराशी असलेल्या खुर्चीवर टेकलो.

त्यांनी पलंगाजवळच्या स्टुलाकडे बोट केले.

"तिथे नाही," ते म्हणाले. "आणखी पुढे या."