उन्हाळ्याची ऐट

दोस्तांनो, आमच्या शिरोळला एप्रिलचं ऊन असं तापतं, की टेरिकॉटचा शर्ट पाठीला चिकटलाच म्हणून समजा! म्हणून माझी उन्हाळ्यातली ऐट ठरलेली: सैल सुती सदरा आणि पायांत कोल्हापुरी. सुती कापड घाम टिपतं आणि तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कापडासाठी लांब कशाला जायचं? जवळच्या इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमागांची खडखड चालू आहे.

"पुण्याला ही चप्पल घालून जाणार?" मित्र हसायचे. मग जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्रादा कंपनीनं पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांबरोबर अगदी कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या. मूळ कुठलं, ते मात्र सांगितलं नाही! आपल्याकडे ओरड झाल्यावर कुठं ते मान्य केलं. आता तेच मित्र विचारतात, "कुठनं घेतलीस रे?"

खरं तर या चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय. मग आपल्याला ती आवडायला मिलान कशाला हवं? तुम्ही कोल्हापुरी घ्याल, तेव्हा ती बनवणाऱ्या कारागिराचं नाव जरूर विचारा. प्रादानं विसरलेली गोष्ट आपण तरी विसरायला नको. आणि हो, वळिवात भिजली, तर सावलीतच वाळवा बरं का!