मोत माउलीची टेकडी

1737 ते 1739 ची साष्टी-वसईची मोहीम आपण नेहमी किल्ल्यांच्या क्रमाने सांगतो. मार्च 1737 मध्ये ठाणे, मे 1739 मध्ये वसई, आणि मग चिमाजीअप्पांचा जयजयकार. राजारामपुरीत बसून मीही ती तशीच वाचली. या थ्रेडमध्ये मात्र किल्ले बाजूला ठेवून वांद्र्याची टेकडी पाहू.

पन्हाळा, जोतिबा पाहिलेल्या माणसाला ती डोंगर वाटणारच नाही. तिच्या भोवती रनवार, चिंबई, शेर्ली, राजन, कांतवाडी, पाली अशी जुनी गावठाणे. खाली समुद्राजवळ 1575 चे सेंट अँड्र्यू चर्च, टेकडीवर माउंट मेरी. वर दिसणारी आजची इमारत 1904 ची. स्थान त्याहून पुष्कळ जुने.

मराठे साष्टीत उतरले तेव्हा माहीमच्या खाडीपलीकडच्या इंग्रजांना धास्ती पडली. वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून 1739 मध्ये तो पाडण्यात आला. त्याच धामधुमीत टेकडीवरील चॅपेलही नष्ट झाले. सेंट अँड्र्यू शाबूत राहिले. वसईच्या शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मुभा होती, हा तपशील आपल्या व्याख्यानांत क्वचितच येतो. टेकडीवरील चॅपेल पुन्हा उभे राहिले ते 1761 च्या सुमारास. (1761 म्हटले की आपल्याला पानिपताखेरीज काही आठवत नाही!)

परंपरा सांगते की मेरीची हरवलेली मूर्ती समुद्रात सापडली ती एका कोळ्याला, स्वप्नातील दृष्टान्तानंतर. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध होणार नाही. पण तिची घडण पाहा: दृष्टान्त, पाण्यातून प्रकटणे, पुन्हा प्रतिष्ठापना. आपल्याकडच्या किती दैवतांच्या कथा अशाच आहेत! कोळ्यांनी तिला नावही दिले ‘मोत माउली’. ‘मोत’ म्हणजे माउंट. ‘माउली’ कोणाची, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे वाहून नवस फेडले जातात आणि फेडणारे सगळेच ख्रिस्ती नसतात.

म्हणूनच ‘मराठे विरुद्ध ख्रिस्ती’ ही मांडणी मला अपुरी वाटते. लढाई पोर्तुगीज सत्तेशी होती. गावठाणांतील माणसे घरात मराठीचीच बोली बोलत होती. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले मूळचे, हे त्यांना कंपनी सरकारच्या नावाचा आधार घेऊन सांगावे लागले.

पुढच्या भागात 1896 च्या प्लेगच्या काळात या गावठाणांत उभारलेले क्रूस.