काट्याभोवतीचे पहारेकरी

बांधावरून अनवाणी येणाऱ्या मुलाच्या तळपायात बाभळीचा काटा मोडतो. रात्रीपर्यंत ती जागा लाल होते, सुजते, ठणकू लागते. मुलगा काट्याला दोष देतो. त्याहून अधिक सुजेला देतो. काटा शत्रू खराच. परंतु ती सूज कोणाची? शत्रूची की मित्राची?

या प्रश्नाचे उत्तर एका शास्त्रज्ञाला काट्यानेच दिले. १८८२ साली इल्या मेचनिकोव्ह सिसिली बेटावर मेसिना येथे राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतील माकडे पाहावयास गेली. मेचनिकोव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकातून तारामाशाची काचेसारखी पारदर्शक पिल्ले न्याहाळीत होते. पिल्लांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. या पेशी शरीराचे रक्षण तर करीत नसतील? या विचारासरशी ते येरझारा घालू लागले. मग बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते पिल्लांच्या त्वचेखाली खुपसले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पहाटे उठून पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला!

माणसाच्या शरीरातही असेच घडते. जखमेतून रोगजंतू शिरले, की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणून जागा लाल व उष्ण होते. रक्तातील द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात. म्हणून सूज येते. या पेशी जंतूंना गिळतात आणि लढता लढता मरतात. जखमेतील पुवात मुख्यतः हे धारातीर्थी पडलेले शिपाईच असतात.

परंतु पहारेकरी कधी चुकतोही. फुलांचे निरुपद्रवी पराग नाकात गेले, तरी एखाद्याचे शरीर शत्रू आल्याची हाकाटी करते आणि शिंकांवर शिंका सुरू होतात. एखाद्यास शेंगदाण्याचे वावडे असते. दाणा पोटात जाताच घसा सुजून प्राणावर बेतू शकते. यालाच ॲलर्जी म्हणतात. व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये हा शब्द रूढ केला. येथे घात होतो तो आलेल्या पाहुण्याकडून नव्हे, दारावरच्या पहारेकऱ्याकडून. रक्षकाच्या अंगी नुसते शौर्य असून भागत नाही. शत्रू कोण आणि पाहुणा कोण, हेही त्याला ओळखता आले पाहिजे.

इकडे आईने काटा काढून जखम स्वच्छ धुतली आहे. पाय अजून ठणकतो आहे. मुलगा दिवा मालवून निजतो. त्याच्या तळपायातले पहारेकरी मात्र रात्रभर जागे असतात.