गट्टी

आमच्या बिदरच्या आभाळात विमानांचा तोटा नाही. हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र इथेच, सूर्यकिरण पथकही इथलेच. विमान डोक्यावरून गेले की सर थांबतात, आवाज विरला की जमाखर्च पुढे चालू! पण विमानात बोल्टसुद्धा चिकटवतात, हे मात्र मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते.

मुंबईच्या अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१६ साली ते लोकांना दाखवले. ते धातूचे. अमेरिकेत बर्ट रुटान यांनी १९७५ साली फोम, काचतंतू आणि इपॉक्सीचे 'व्हॅरीइझ' उडवले. त्याचे नकाशे विकत घेऊन लोकांनी घरोघरी तशी विमाने केली. अशा अंगाला भोक पाडले की तंतू तुटतात, पाणी शिरते. म्हणून रुंद चकतीचा बोल्ट आतून चिकटवायचा. पण शहाणा बांधणारा आधी तसाच एक बोल्ट टाकाऊ तुकड्यावर चिकटवतो आणि उपटेपर्यंत ओढून पाहतो.

हे वाचले आणि माझ्या पोटात गोळा आला. दादाचे फायबरचे छोटे दुकान आहे. हिशेब मी लिहितो. शाळेच्या मुलांच्या एका टमटमला त्याने फायबरचे छत केले होते. छत गळू नये म्हणून आतली धरायची दांडी त्याने चार चिकटवलेल्या बोल्टांवर बसवली होती. गाडी दुसऱ्या दिवशी द्यायची होती.

"दादा, एक ओढून बघू या."

"तू कॉमर्सचा, कॉमर्सच कर!"

तरी त्याने तुकडा दिला. जुन्याच रीतीने बोल्ट चिकटवला, वाळू दिला, आणि आढ्याखाली त्याला पन्नास किलोचे सिमेंटचे पोते टांगले. मी हात काढतो न काढतो तोच पोते खाली! चकती अगदी स्वच्छ निघाली होती, तिला एक तंतूही चिकटलेला नव्हता. म्हणजे रेझिनने गुळगुळीत फायबरला धरलेच नव्हते. दादा बराच वेळ ती चकती उलटीसुलटी करीत राहिला.

मग पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडला, थिनरने पुसला, चकतीला भोके पाडली, वरून काचेच्या जाळीचे दोन थर दिले. दोन पोती रात्रभर राहिली. सकाळी दादाने कडेने पहार घालून चकती उचकटली, तेव्हा तिच्याबरोबर फायबरही फाटून आले. सरळ ओढीला भक्कम असलेला जोड कडेने सोलला की लवकर हार खातो, हेही तेव्हाच कळले. दादाने दांडीला चाराऐवजी सहा बोल्ट दिले. जुने चारही हातोडीच्या दोन-दोन ठोक्यांत निघाले होते.

गाडी तीन दिवस उशिरा गेली. चालकाने तोंड वाकडे केले, दांडीला लोंबकळून विचारले, "गट्टी अदा?" कन्नडात गट्टी म्हणजे भक्कम, आणि आम्ही मराठी शाळेतली पोरे भांडण मिटले की गट्टी करायचो. मी 'हौदु' म्हणालो.

तीन दिवसांचे नुकसान कोणत्या खात्यावर टाकायचे, ते मी अजून दादाला विचारलेले नाही. ती पहिली स्वच्छ चकती त्याने भंगारात टाकली नाही. दुकानात खिळ्याला अडकवून ठेवली आहे.