सैतानाच्या नावानं

माझा भाचा नागोठण्यात अकरावीला आहे आणि त्याच्या स्टेटसवर रोज सैतान बोलतो. काळा फोटो, शिंगं, खाली एक उद्धट वाक्य. ग्रामदेवता जोगेश्वरीच्या पालखीला खांदा द्यायला मात्र हाच पुढे. बहिणीचा फोन आला, “दादा, जरा बघ रे, पोरगं कसल्या नादाला लागलंय?” मी वाणिज्य शाखेचा, सैतान या विषयाची मला काहीही माहिती नाही. तरी वाचायला बसलो.

पहिलं वाक्य ‘मनाला येईल ते कर’ अशा अर्थाचं होतं. खाली नाव अँटन लावेचं. या गृहस्थानं १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘चर्च ऑफ सेटन’ काढलं आणि १९६९ साली ‘द सॅटॅनिक बायबल’ छापलं. वाक्य मात्र अलिस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्याचं, १९०४ सालचं. त्याच्याही आधी सोळाव्या शतकात राबले या फ्रेंच लेखकानं कादंबरीतल्या एका मठाला जवळपास हाच नियम घालून दिला होता. आणि राबले स्वतः मठात राहिलेला!

दुसरं वाक्य स्वर्गातल्या चाकरीपेक्षा नरकातलं राज्य बरं, असं सांगणारं. ते सैतानाच्याच तोंडचं, पण १६६७ सालच्या महाकाव्यात ते त्याच्या तोंडी घातलं मिल्टननं, म्हणजे एका धर्मनिष्ठ ख्रिस्ती कवीनं. उलट लावेच्या पुस्तकाच्या सुरुवातीचा बराच मजकूर १८९६ सालच्या दुसऱ्याच एका पुस्तकातून उचललेला, आणि त्या पुस्तकावरचं लेखकाचं नावही टोपण! त्यात लावेपंथी सैतान खरोखर आहे असं मानतच नाहीत. त्यांच्या लेखी तो स्वाभिमानाचं आणि देहसुखाचं प्रतीक. माझं डोकं गरगरायला लागलं.

शेजारच्या निवृत्त संस्कृतच्या बाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या. “आपल्या चार्वाकाचं काय वेगळं झालं?” त्याचे मूळ ग्रंथ हरवले. कर्ज काढून तूप पिण्याचा सल्ला आपल्याला माहीत झाला तो मुख्यतः चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’मुळे, म्हणजे विरोधी मताच्या वेदान्त्याकडून. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला तोच श्लोक तुपाविना येतो: सुखानं जगा, मरण कुणाला चुकत नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते तूप.

मी भाच्याला म्हटलं, “अरे, ते वाक्य लावेचं नाही, फार तर राबलेचं म्हण.”

“मामा, राबलेचं नाव टाकलं तर बघणार कोण?”

तेव्हा कुठे उजेड पडला. हळवं वाक्य सापडलं की लोक ते वपुंच्या नावावर खपवतात, उद्धट असलं की सैतानाच्या. वाक्य मनातलंच असतं, फक्त खाली सही वजनदार नावाची हवी असते. घरात ‘मला इंजिनिअर व्हायचं नाही’ म्हणायची या पोराची छाती होत नव्हती.

बहिणीला फोन केला. म्हटलं, “सैतानाचं सोड, त्याला पुढे काय शिकायचंय ते एकदा विचार.”