नाशिकची मोटार रॅली आणि आमचे तीन दिवस

मोटारींची शर्यत म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आम्हीही म्हणत होतो. पण दहा-बारा वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आम्ही तीन दिवस नाशिकला एका मोटार रॅलीच्या मागे हिंडलो. त्याला कारण आमचा भाचा. तो तेव्हा कल्याणला गॅरेजात कामाला होता. त्याच्या शेठने त्याला एका गाडीच्या दुरुस्ती पथकात हेल्पर म्हणून नेले होते. "मामा, मामीला घेऊन या. माझं काम तरी बघा," असा त्याचा फोन आला. मग आम्ही, सौ. आणि धाकटी मुलगी, भाकरी-चटणी बांधून सकाळच्या गाडीने निघालो. नाशिकरोडला पाहुण्यांकडे उतरलो.

त्या काळात राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या मालिकेतील एक फेरी नाशिकला होत असे. पहिल्या दिवशी संध्याकाळी शहरात गाड्यांना झेंडा दाखविण्यात आला. जिप्सी, पोलो, सेडिया अशा आपल्या रस्त्यावर दिसणाऱ्याच गाड्या. पण आत मागची सीट नाही, छताखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि माणसे फक्त दोन. एक चालविणारा, दुसरा वाट सांगणारा. गर्दीत आमची मुलगी खांद्यावर बसून टाळ्या वाजवीत होती.

त्याच दुपारी आम्ही पंचवटीत काळाराम मंदिरापाशी जाऊन आलो होतो. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष त्यात होते. त्या वर्षीच्या रामनवमीला, 9 एप्रिलला, दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा असे ठरले होते. पण आपल्या लोकांचा हात लागण्याआधीच रथ पळवून नेण्यात आला. दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. मुलीने विचारले, "बाबा, रथाला हात लावला तर काय झालं असतं?" आम्ही म्हणालो, "रथाला काहीच झालं नसतं बाळ." संध्याकाळी झेंडा हलला, गाड्या भरधाव निघाल्या, तेव्हा आम्हाला तो पळविलेला रथच आठवला.

दुसऱ्या दिवशी खरी शर्यत. ती शहरात नसते. खेड्यापाड्यांतील कच्चे रस्ते काही तास बंद करतात आणि त्यावर वेळ लावून गाड्या सोडतात. सगळ्या एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक सुटते. त्यामुळे पुढे कोण, मागे कोण, हे बघणाऱ्याला समजत नाही. घड्याळ सांगेल तोच पहिला. एका तुकड्यापासून दुसऱ्या तुकड्यापर्यंत जाताना मात्र त्याच गाड्यांना सामान्य रस्त्यावर रहदारीचे सगळे नियम पाळावे लागतात. नाक्यावर ठरल्या मिनिटाला हजर व्हायचे. उशीर झाला तर दंड आणि लवकर पोचले तरी दंड! गिरणीत आयुष्य गेलेले आमचे पाहुणे हे ऐकून म्हणाले, "उशिराचा दंड आम्ही पुष्कळ भरला. लवकरचा पहिल्यांदाच ऐकला."

शहराच्या पश्चिमेला एका खेड्याबाहेर आम्ही पहाटेच जाऊन उभे राहिलो. पाऊस धो धो पडत होता. शिट्टी वाजली की पोरे ओरडायची, "आली, आली!" आणि चिखलाची भिंत उडवीत गाडी वळणावर आडवी होऊन निघून जायची. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभे राहू नका, गाडी सुटली तर तिकडेच येते, हे भाच्याने आदल्या दिवशी दहा वेळा बजावले होते. आम्ही बांधावर उंच जागी राहिलो.

तेथेच सात-आठ बाया इरली घेऊन खोळंबल्या होत्या. भाताची लावणी रस्त्यापलीकडे होती. "रस्ता बंद हाय म्हणं. आमच्या हजेरीचं काय?" एकीने विचारले. स्वयंसेवक पोरगा भला होता. पण त्याच्या हातात काही नव्हते. बंदीची सूचना फळ्यावर लावली होती म्हणे. ती या बायांना वाचून कोणी दाखविली? शेवटची गाडी गेल्यावर त्या पलीकडे गेल्या. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. सौ.ने आपल्या भाकऱ्या त्यांना दिल्या, आणि त्यांनीही त्यातला तुकडा आमच्या मुलीच्या हातावर ठेवला. चांगले झाले, पण मजुरी काही परत आली नाही. खेळ जरूर व्हावा. रस्ता ज्यांचा रोजचा आहे त्यांना आधी विचारावे, इतकेच आमचे म्हणणे.

तिसऱ्या दिवशी भाच्याचे काम पाहिले. गाडी आली की मिनिटे मोजूनच हात लावायला मिळतो. वेळ संपली की अर्धे काम तसेच टाकून गाडी सोडावी लागते. भाचा चिखलात उताणा पडून गाडीखाली शिरला आणि वाकलेला भाग काढून नवा बसवून बाहेर आला. चालकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. पोराचा चेहरा उजळला. मग तो हळूच म्हणाला, "मामी, मला त्या दुसऱ्या सीटवर बसायचंय. तो आधी रस्ता बघून लिहून ठेवतो, आणि शर्यतीत वाचून सांगतो. पण सगळं इंग्रजीत." तो दहावीला शाळा सोडून बसला होता. मामी म्हणाली, "मग वाचायला शीक की. गाडी खोलता येते, पुस्तक खोलता येत नाही का?"

परतण्यापूर्वी आम्ही त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात; पण पांडवांचा तेथे काही संबंध नाही. ती भिक्खूंची विहारे आहेत. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेव ठेवली. दरमहा शेकडा एक व्याज. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळत. म्हणजे दोन हजार वर्षांमागे राजघराण्याचा पैसा हातमागावरच्या कारागिरांच्या भरवशावर ठेवला जात होता! त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात प्रवाशांसाठी धर्मशाळा, विहिरी आणि नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्याची नोंद आहे. आम्हाला बांधावर खोळंबलेल्या बाया आठवल्या. वाट अडविणारे सत्तावान पुष्कळ झाले. नाव ठेवणारेही झाले.

खाली महामार्गावरून रॅलीच्या गाड्या ट्रकवर चढून परत चालल्या होत्या. भाचा लेखाच्या अक्षरांवरून काळे पडलेले बोट हवेतच फिरवीत बराच वेळ उभा होता.

तो दुसऱ्या सीटवर काही बसला नाही. पण पुढच्या वर्षी दहावीचा फॉर्म भरला, पास झाला, आयटीआय केले. आज तो एका गॅरेजात मुख्य कारागीर आहे. हाताखालच्या पोरांना तो पाना देण्याआधी गाडीसोबतचे पुस्तक वाचायला लावतो.

नाशिकला जाल तेव्हा मुलांना काळारामापाशी न्या, येवल्याची 13 ऑक्टोबर 1935 ची घोषणा सांगा, आणि त्रिरश्मीवर जरूर चढवा. वाटेत एखादी शर्यत दिसली तर तीही बघा. फक्त वळणाच्या आतल्या अंगाला, उंच जागी उभे राहून. जय भीम.