पाऊण तोळा

"मामा, सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर घेऊ की थर्टी-ओ-सिक्स?"

भाच्याने डेन्व्हरहून हे विचारलं तेव्हा मी पवईतल्या आमच्या बाल्कनीत वाळलेले टॉवेल काढत होतो. समोर तलाव, पलीकडे झाडीचा डोंगर. मला वाटलं, एखादी गाडी घेतोय. मग कळलं की काडतूस विचारतोय. ऑफिसातल्या मित्रांबरोबर ऑक्टोबरात कोलोराडोच्या डोंगरात एल्क, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, मारायला जाणार आहे. रीतसर परवाना आहे, नारिंगी जाकीट आणलंय, फक्त रायफल कुठल्या काडतुसाची घ्यायची ते ठरत नाहीये.

मी आयुष्यात जनावरावर एकही बार टाकलेला नाही. मला का विचारतोस, म्हटलं. तर म्हणाला, "तू अण्णा आजोबांबरोबर जायचास ना!"

जायचो नाही, एकदाच गेलो होतो. आणि तेच अजून डोक्यातून जात नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, आमची थोडी शेती होती. त्या काळी सरकार जंगलाचे शिकारीचे ब्लॉक परवान्यावर द्यायचं. पुढे 1972 चा कायदा आला आणि सगळं संपलं, ते बरंच झालं. ही गोष्ट 1969 च्या डिसेंबरातली. मी बारा वर्षांचा होतो.

घरात दोन रायफली होत्या. एक आजोबांची, .405 विंचेस्टर. थिओडोर रूझवेल्टने आफ्रिकेत सिंहांवर चालवली आणि दक्षिणेत केनेथ अँडरसनने नरभक्षकांमागे फिरवली, तीच जात. तिची गोळी 300 ग्रेनची, म्हणजे सोनाराच्या हिशेबाने दीड तोळ्याच्याही वर. पण परदेशी काडतुसांची आयात आटली होती आणि आमच्याकडे उरली होती मोजून सहा. दुसरी अण्णांची स्वतःची, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची थ्री-फिफ्टीन. लष्कराचं थ्री-नॉट-थ्री नागरिकांना बंद, म्हणून हे 8 मिलिमीटरचं काडतूस. ते आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात व्हायचं, त्यामुळे मिळायचं. भाच्याला हे सांगितलं तर त्याला हसू आलं. तिकडे दुकानात भिंतभर खोकी लावलेली असतात आणि माणूस गोंधळतो. आमच्याकडे निवड हा प्रकारच नव्हता. जे मिळेल ते, आणि तेसुद्धा मोजून. एकेक काडतूस वहीत चढायचं.

तर त्या संध्याकाळी अण्णांनी आजोबांची रायफल घरीच ठेवली. "ती सहा वाघासाठी," म्हणाले. बरोबर मी आणि गावातले एक गोंड खोजी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, नातवंडं आहेत. बुटके, कायम अनवाणी, कानात बिडी खोचलेली.

नाल्याच्या काठावर सांबर दिसलं. नर, शिंगं जाड. आमच्याकडे जवळजवळ पाठ करून उभा, जरासा तिरका. खोजींनी अण्णांच्या दंडाला हात लावला आणि तळवा खाली दाबला. थांबा, वळू द्या. अण्णा थांबले नाहीत. बार झाला. सांबर पाठीला बाक देऊन उसळलं आणि बांबूत घुसण्याआधी क्षणभर उभं राहिलं, पुरतं आडवं. खोजी मोठ्याने म्हणाले, "मालक, दुसरा टाका!" अण्णांनी बोल्ट ओढला, पुंगळी बाहेर पडली, नवं काडतूस आत गेलं. पण घोडा ओढला नाही. नंतर म्हणाले, लागलंय ना, कशाला आणखी एक वाया घालवायचं!

आम्ही पुढे गेलो. खोजींनी एक पान उचललं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि माझ्याही नाकाशी धरलं. रक्त काळपट होतं, त्यात चघळलेल्या गवताचा हिरवा चोथा. गोठ्यात शेण सारवताना येतो तसा आंबूस वास. "पोटात आहे," ते म्हणाले. "आता मागं नाही जायचं. जवळच बसल ते. सकाळी येऊ, तिथंच असल." एवढं साधं होतं. पोटात गोळी लागलेलं जनावर मागे कुणी लागलं नाही तर दोन-तीनशे पावलांत बसतं आणि आखडतं. हुसकलं की मात्र कोसच्या कोस जातं. हे त्या माणसाला ठाऊक होतं, मला तिथल्या तिथे पटलं होतं, बारा वर्षांच्या पोराला!

अण्णांनी टॉर्च काढला. रात्री अकरापर्यंत आम्ही त्याला उठवत राहिलो. तीनदा तरी बांबू मोडल्याचा आवाज आला, तीनदा ते पुढे गेलं. मग रक्त संपलं. खोजी गुडघ्यांवर बसून दगडांवर बोटं फिरवत होते आणि अण्णा त्यांच्या डोक्यावर उभे राहून म्हणाले, "तुम्हांला माग काढता येत नसेल तर येता कशाला?"

ते काही बोलले नाहीत. कानातली बिडी काढली, पाहिली, परत खोचली.

पाचव्या दिवशी गिधाडं उतरलेली गुराख्यांना दिसली. तेव्हा गिधाडं होती. सांबर नाल्याच्याच वरच्या अंगाला मरून पडलं होतं, आम्ही शोधलं तिथून दीड कोसावर. मांस कुणाच्या कामाचं उरलं नव्हतं. ठरलेली रीत अशी की खोजीला जनावरामागे पैसे आणि मांसाचा वाटा. जनावर हाती नाही म्हणून पैसे नाहीत, मांस नाही म्हणून वाटा नाही. एका रात्रीची, आणि शोधायला घातलेल्या पुढच्या दोन दिवसांची मजुरी शून्य. आईने नंतर पायलीभर तांदूळ पाठवले, ते अण्णांना न कळवता.

आणि अण्णा जन्मभर काय सांगत राहिले? "काडतूस कमकुवत. आजोबांची फोर-नॉट-फाइव्ह नेली असती तर जागेवर पडलं असतं." लग्नाकार्यात, ओसरीवर, पुढे माझ्या पवईच्या घरीसुद्धा. मीही तेच मानून चाललो. बापाचं चुकलं म्हणण्यापेक्षा कारखान्याचं चुकलं म्हणणं सोपं.

भाच्याच्या फोननंतर मी चार रात्री आकडे घेऊन बसलो. आमच्या थ्री-फिफ्टीनची गोळी 244 ग्रेन, सव्वा तोळ्याहून भारी. भाच्याच्या थर्टी-ओ-सिक्सची नेहमीची 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि 1906 पासून लोक तिने एल्क मारत आले आहेत. क्रीडमूरची 140 च्या आसपास, पाऊण तोळ्याला जरा वर. कोलोराडोचा कायदा एल्कसाठी निदान .24 बोअर, 85 ग्रेनची फुलणारी गोळी आणि 100 यार्डांवर 1,000 फूट-पाउंड जोर मागतो, बस. एल्कचा नर आणि सांबराचा मोठा नर वजनाने फार लांब नाहीत. 'करामोजो' बेलने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक 7 मिलिमीटरच्या मॉझर काडतुसाने. जिम कॉर्बेटची .275 रिग्बी म्हणजे तेच काडतूस, इंग्रजी नावाचं. बेल हत्तीच्या कवटीचे काप करून मेंदू कुठे असतो ते शिकला होता, आणि हाडामांसातून आरपार जायला भरीव गोळी वापरायचा. म्हणजे गोळी कुठे बसते आणि आत जाऊन काय करते, हा खरा प्रश्न. आमच्या सांबराच्या पोटात दीड तोळा गेला असता तरी ते पोटच होतं.

काडतूस पुरेसं होतं. मला हे अडुसष्टाव्या वर्षी कळावं!

इथे थोडं विषयांतर करतो. दोन महिन्यांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला. पवईला हे नवीन नाही, आयआयटीच्या आवारात तर तो अधूनमधून येतोच. मागे राष्ट्रीय उद्यान आहे, कुत्री आपण पोसतो, कचरा आपण टाकतो. 1929 मध्ये इथे विहारजवळ वाघ मारल्याची नोंद आहे, म्हणजे डोंगर कुणाचा ते उघड आहे. पण ग्रुपवर लगेच सुरू झालं, "गोळी घाला, विषय संपवा." लिहिणाऱ्यांपैकी एकानेही जखमी जनावराचा माग काढलेला नाही. रात्री, टॉर्चच्या उजेडात, पोटात गोळी घेतलेला बिबट्या सोसायटीच्या मागच्या झाडीत शिरला तर पुढे कोण जाणार? कायद्याने परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांनी द्यायची असते, ते योग्यच आहे. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की कचऱ्याचं बघा. तीन अंगठे आले.

असो. भाच्याला मी काय सांगितलं असेल? एवढं सगळं समजल्यावरही म्हटलं, थर्टी-ओ-सिक्स घे. जड बरी. मीच माझ्या हिशेबाच्या उलट बोलत होतो, पण जीभ तिकडेच वळली. त्याने अर्थात क्रीडमूर घेतली. धक्का कमी बसतो, नेम चांगला लागतो, म्हणाला. मग मी दोन गोष्टी बजावल्या. आडवं उभं राहील तेव्हाच बार टाक, आणि पहिल्यानंतर ते उभं दिसलं तर दुसरा टाक, पैशाकडे बघू नकोस.

ऑक्टोबरात फोटो आला. मी मोठा करून पाहिला नाही. खाली लिहिलं होतं की पहिलीच फुप्फुसात बसली होती, तरी मामा म्हणाला म्हणून दुसरी मारली, ती खांद्यात गेली आणि खांद्याचं मांस खराब झालं. त्याचा मित्र हळहळला, पाच-सहा किलो तरी गेलं म्हणे. मलाही वाईट वाटलं, चक्क मांसाचं!

त्या रात्री अण्णांची काडतुसांची वही काढली. निळ्या शाईत, सुरेख अक्षरात रांगेने नोंदी. तारीख, बोअर, नग, कारण. डिसेंबर 1969 मध्ये एकच ओळ आहे. 8 मिमी, नग 1, वाया.

सांबराचं नाव नाही. खोजींचंही नाही.